कृष्ण मेनन यांचं ‘मुंबई शहर उत्तर’ आणि आजचं ‘मुंबई उत्तर’: उपनगरातल्या एका जुन्या लोकसभा मतदारसंघाचा इतिहास

प्रश्न थोडक्यात असा आहे. घाटकोपरच्या भटवाडीत राहणाऱ्या कुटुंबातले आजोबा सांगायचे की त्यांनी आधी दोनदा (१९५७ आणि १९६२ मध्ये) काँग्रेसच्या कृष्ण मेनन यांना, म्हणजे नेहरूंच्या संरक्षणमंत्र्यांना, मत दिलं आणि १९६७ मध्ये काँग्रेसच्याच स. गो. बर्व्यांना. नातवाने जुने निकाल काढून पाहिले, तर मेनन ‘मुंबई शहर उत्तर’चे खासदार दिसतात. घाटकोपर तर ईशान्य मुंबईत येतं. शिवाय १९५२ मध्ये ‘मुंबई शहर उत्तर’मधूनच डॉ. आंबेडकर हरले असं दिसतं. मग आजोबांची आठवण चुकली का? बाबासाहेब बोरिवली-कांदिवलीकडून उभे होते का? आणि मेनन ‘मद्रासी’ म्हणून शिवसेनेने त्यांना पाडलं, हे जे सगळीकडे वाचायला मिळतं ते कितपत खरं?

आजोबांचं अगदी बरोबर आहे. बाबासाहेबांचा बोरिवलीशी काही संबंध नव्हता. आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणूनच हे लांबलचक लिहितोय.

मी बरीच वर्षं वर्तमानपत्रात निवडणुकांचे निकाल आणि मतदारसंघांच्या हद्दी हेच काम केलं. या कामात पहिली गोष्ट अंगवळणी पडते ती ही, की मतदारसंघाच्या नावावर कधीही विसंबायचं नाही. नाव तेच राहतं, खालची जमीन बदलते. मुंबईत तर हे इतक्यांदा झालंय की नावाने यादी लावली तर गिरणगावातला निकाल दहिसरच्या खात्यावर जमा होतो. तुम्ही पाहिलेल्या यादीत नेमकं हेच झालं आहे.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत मुंबईतून चार खासदार गेले, पण मतदारसंघ तीनच होते. मुंबई शहर दक्षिण इथून स. का. पाटील. मुंबई शहर उत्तर हा दोन जागांचा मतदारसंघ, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. तिथून काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर निवडून आले. याच ठिकाणी काजरोळकरांनी बाबासाहेबांना साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी हरवलं. समाजवादी पक्षाशी युती होती, अशोक मेहता जोडीला होते, तरी दोघेही पडले. हा ‘उत्तर’ म्हणजे बेटावरच्या शहराचा उत्तरेकडचा भाग, गिरणगावाच्या बाजूचा. उपनगरांसाठी वेगळाच मतदारसंघ होता, त्याचं नाव ‘मुंबई उपनगर’. तिथून काँग्रेसच्या जयश्री रायजी निवडून आल्या. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेल्या, स्त्रियांच्या संघटनांमध्ये आयुष्य घालवलेल्या बाई. पहिल्या लोकसभेत स्त्रिया मोजक्याच, आणि त्यातली एक आपल्या उपनगरांनी पाठवलेली होती. हे नाव आज घाटकोपर, कुर्ला, अंधेरीत कुणाला आठवत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या काळचं उपनगर डोळ्यांपुढे आणायला हवं. बृहन्मुंबईची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. त्याआधी कुर्ला, घाटकोपर, वांद्रे यांचा कारभार आपापल्या नगरपालिका पाहत होत्या. मधे खाजण, भातशेती, कोळीवाडे, गावठाणं. आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: देशाच्या पहिल्या निवडणुकीसाठीच्या लाखो लोखंडी मतपेट्या गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात तयार झाल्या होत्या.

त्या पेट्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आजोबांनी ‘मत दिलं’ म्हणजे नेमकं काय केलं हे त्यातून कळतं. १९५२ आणि १९५७ मध्ये मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं नसायची आणि शिक्काही मारायचा नव्हता. आडोशाच्या आत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी मांडलेली असायची, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. काँग्रेसच्या पेटीवर बैलजोडी, १९५७ मध्ये प्रजासमाजवादी पक्षाच्या पेटीवर झोपडी. मतदाराने हातातला कागद आपल्याला हव्या त्या पेटीत टाकायचा आणि बाहेर यायचं. आत कोणी पाहायला नसल्यामुळे कागद न टाकता खिशात घालून आणण्याचे प्रकारही होत, बाहेर त्याला गिऱ्हाईक असे. चिन्हं छापलेली एकच मतपत्रिका आणि तिच्यावर शिक्का ही पद्धत सार्वत्रिक झाली ती १९६२ पासून. म्हणजे तुमच्या आजोबांनी मेनन यांना पहिलं मत पेटी निवडून दिलं असणार आणि दुसरं शिक्का मारून.

आता ‘मुंबई शहर उत्तर’कडे. राज्य पुनर्रचनेनंतर १९५६ मध्ये मतदारसंघांची नव्याने आखणी झाली. ‘मुंबई उपनगर’ हे नाव गेलं. बेटावरच्या शहराला दक्षिण आणि मध्य अशी नावं मिळाली, मध्य हा दोन जागांचा. आणि ‘उत्तर’ हे नाव सरकून उपनगरांवर गेलं. बाबासाहेब हरले ते १९५२ चं ‘मुंबई शहर उत्तर’ आणि मेनन जिंकले ते १९५७ चं ‘मुंबई शहर उत्तर’ यांच्यात नावापलीकडे जवळपास काही समान नाही. मेनन यांचा मतदारसंघ हा जयश्री रायजींच्या मतदारसंघाचा वारसदार. पश्चिमेला वांद्र्यापासून वर आणि पूर्वेला कुर्ला, चेंबूर, घाटकोपर ते मुलुंड, असा दोन्ही रेल्वेमार्गांच्या कडेने पसरलेला. तुमची भटवाडी त्यातच.

१९५७ ची लढत मला आजही चकित करते. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन ऐन भरात होतं, फ्लोरा फाउंटनचा गोळीबार ताजा होता, मुंबईत काँग्रेसविरुद्ध प्रचंड राग होता. मध्य मुंबईतल्या दोन्ही जागा संयुक्त महाराष्ट्र समितीने घेतल्या, कॉम्रेड डांगे आणि बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे मानाय निवडून आले. अशा वेळी काँग्रेसने उपनगरात कालिकतचा, मराठी न येणारा, अर्धं आयुष्य लंडनमध्ये काढलेला माणूस उभा केला. जानेवारीत सुरक्षा परिषदेत काश्मीरवर जवळजवळ आठ तास भाषण करून मेनन आले होते आणि त्यांच्या नावाभोवती तेव्हा काश्मीरच्या कैवाऱ्याचं वलय होतं. समोर समितीच्या पाठिंब्यावर प्रजासमाजवादी पक्षाचे पीटर अल्वारिस. हा गोवा मुक्तीच्या लढ्यातला झुंजार नेता. पुढे गोवा मुक्त झाल्यावर १९६३ च्या निवडणुकीत हेच अल्वारिस महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षातर्फे पणजीतून लोकसभेत गेले.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेतसुद्धा समितीने उपनगरात मराठी आडनावाचा उमेदवार दिला नव्हता. कारण उपनगराचा मतदारच तसा होता. घाटकोपर, मुलुंड, पार्ल्यात गुजराती, वांद्र्याला ईस्ट इंडियन आणि गोवेकर, चेंबूरला फाळणीनंतर आलेले सिंधी आणि नोकरीनिमित्त आलेले दाक्षिणात्य, आणि सगळीकडे विखुरलेला मराठी माणूस, थोडा गावठाणातला, थोडा गिरगाव-दादरहून स्वस्त जागेच्या शोधात आलेला. एकगठ्ठा मत असं कुणाचंच नव्हतं. मेनन ४७ हजारांच्या आसपास मतांनी जिंकले, आणि महिन्या-दोन महिन्यांत देशाचे संरक्षणमंत्री झाले.

१९६२ ची निवडणूक मात्र सगळ्या देशाने श्वास रोखून पाहिली. संरक्षणमंत्री म्हणून मेनन यांच्यावर टीकेचा भडिमार चालू होता. १९५९ मध्ये लष्करप्रमुख थिमय्यांनी राजीनामा देऊ केला होता, चीनने सीमेवर मुसंडी मारली होती आणि संसदेत त्यांचे सर्वांत कडवे टीकाकार होते आचार्य कृपलानी. १९४७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेले, गांधीजींबरोबर चंपारण्यापासून राहिलेले. त्यांनी बिहारमधला आपला सीतामढीचा मतदारसंघ सोडला आणि मेनन यांना त्यांच्याच अंगणात गाठायचं म्हणून मुंबईच्या उपनगरात आले. ‘स्वतंत्र’ पक्ष, जनसंघ, प्रजासमाजवादी असे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष त्यांच्यामागे उभे राहिले.

दोघांमध्ये मराठी कोणीच नाही. एक मल्याळी, एक सिंधी. भांडण चीनवर, अमेरिका-रशियावर, नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर. आणि ते भांडण कुर्ल्याच्या चाळीत, खारच्या नाक्यावर, मुलुंडच्या बाजारात चालू होतं. चीन चालून येतोय आणि मेननसाहेब झोपलेत, झोपू द्या त्यांना आणि कृपलानींना येऊ द्या, अशा अर्थाची हिंदी घोषणा कृपलानींच्या बाजूने गाजत होती. नेहरू स्वतः प्रचाराला आले आणि मेनन यांना विरोध म्हणजे माझ्याच धोरणाला विरोध आहे, असं त्यांनी बजावलं. नेहरूंच्या शब्दाखातर दिलीपकुमार मेनन यांच्या प्रचारात उतरले. कम्युनिस्ट कार्यकर्ते तर काँग्रेसवाल्यांपेक्षा हिरिरीने दारोदार फिरत होते. आणि आचार्य अत्रे! १९५७ मध्ये काँग्रेसला धारेवर धरणारे अत्रे १९६२ मध्ये मेनन यांच्या बाजूने उभे होते. महाराष्ट्र १९६० मध्ये मिळाला होता, तो राग ओसरला होता, आणि अत्र्यांच्या लेखी आता प्रश्न नेहरूंच्या डाव्या धोरणाचा होता.

निवडणुकीच्या दोनच महिने आधी, १८ आणि १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला होता. संरक्षणमंत्री मेनन. कारवाईची वेळ मेनन यांच्या निवडणुकीसाठी साधली असा आरोप विरोधकांनी आणि परदेशी पत्रांनी केला. मला तो पटत नाही, पोर्तुगालशी बोलणी वर्षानुवर्षं अडली होती. पण उपनगरातल्या मतदारावर त्याचा परिणाम झाला नसेल असंही नाही. या मतदारसंघात गोव्याशी नातं असलेली हजारो घरं होती, वांद्र्याच्या पाली-चिंबईपासून कुर्ल्यापर्यंत.

निकाल एकतर्फी लागला. मेनन यांना जवळजवळ तीन लाख मतं, कृपलानींना दीड लाख. पण आठ महिन्यांत सगळं फिरलं. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनचा हल्ला झाला, महिनाअखेरीस मेनन यांचं संरक्षण खातं गेलं आणि ७ नोव्हेंबरला ते मंत्रिमंडळातूनच बाहेर पडले. कृपलानी १९६३ मध्ये अमरोह्याच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत परत आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नेहरू सरकारवर स्वतंत्र भारतातला पहिला अविश्वास ठराव त्यांनीच मांडला. उपनगरांनी ज्याला दुपटीने निवडलं तो सत्तेबाहेर बसला होता, आणि ज्याला नाकारलं तो सभागृहात सरकारला जाब विचारत होता. १९६२ मध्ये मेनन यांना मत दिलेल्या माणसाला पुढची पाच वर्षं काय वाटलं असेल, याचा विचार १९६७ चा निकाल समजून घेताना कोणी करत नाही. तुमच्या आजोबांनी १९६७ मध्ये मत बदललं, याचं कारण मला इथे सापडतं.

आणि आता १९६७. तोवर ‘मुंबई शहर उत्तर’ मोडीत निघालं होतं. कारण साधं, माणसं वाढली होती. १९६१ च्या जनगणनेत उपनगरांत सुमारे १३ लाख ८० हजार लोक होते, १९७१ मध्ये २९ लाख. नव्या आखणीत पश्चिम रेल्वेच्या बाजूचा वायव्य मुंबई आणि मध्य रेल्वेच्या बाजूचा ईशान्य मुंबई, असे दोन मतदारसंघ झाले. मेनन यांनी ईशान्य निवडलं.

मुंबई प्रदेश काँग्रेसवर पकड स. का. पाटलांची. मेनन आणि ते म्हणजे पक्षातली दोन टोकं. मेनन राज्याबाहेरचे आहेत असं कारण देऊन उमेदवारी नाकारली गेली. इंदिरा गांधींना ते मान्य नव्हतं, पण त्या वेळी पक्ष त्यांच्या हातात नव्हता. मेनन यांनी काँग्रेस सोडली आणि डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर अपक्ष उभे राहिले. काँग्रेसने दिले सदाशिव गोविंद बर्वे.

बर्व्यांबद्दल आज फक्त कुर्ल्याचा स. गो. बर्वे मार्ग आणि घाटकोपरचं बर्वेनगर एवढंच उरलंय. भटवाडीतून बर्वेनगर पायी पाच-दहा मिनिटांवर, तरी त्या पाटीवरचा माणूस कोण हे तिथल्या पोरांना सांगता येत नाही. आयसीएसमधला अत्यंत कर्तबगार अधिकारी. पुण्याच्या महापालिकेचे आयुक्त होते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटून पुणं वाहून गेलं, तेव्हा यशवंतराव चव्हाणांनी पुनर्वसनासाठी त्यांनाच पुण्यात पाठवलं. महाराष्ट्राच्या पाटबंधारे आयोगाचं काम त्यांच्या अध्यक्षतेखाली झालं. पुढे राज्यात मंत्री. सरकारी नोकरी सोडून राजकारणात आलेला आणि काम करून दाखवलेला माणूस, अशी त्यांची ख्याती होती. मेनन यांच्यासमोर काँग्रेसने कोणीतरी भरतीचा मराठी उमेदवार उभा केला आणि भाषेच्या जोरावर तो निवडून आला, असं चित्र रंगवलं जातं. ते बर्व्यांवर अन्याय करणारं आहे.

शिवसेना १९ जून १९६६ ला स्थापन झाली होती, म्हणजे मतदान आलं तेव्हा तिचं वय आठ महिने. दाक्षिणात्यांविरुद्धची मोहीम जोरात होती. सेनेने बर्व्यांचा उघड प्रचार केला आणि मेनन यांच्यावर दुहेरी हल्ला केला: परप्रांतीय आणि कम्युनिस्टधार्जिणा. बर्वे १३,१६९ मतांनी जिंकले.

एवढ्या थोड्या फरकाच्या निवडणुकीत सेनेच्या प्रचाराने काहीच फरक पडला नाही असं मी म्हणणार नाही. चेंबूर-घाटकोपरच्या मराठी वस्त्यांमध्ये तो पडलाच असणार. पण पराभवाचं सगळं श्रेय किंवा सगळा दोष तिच्या पदरात टाकणं मला मान्य नाही. मेनन यांच्याकडे बैलजोडी नव्हती. लोकसभा आणि विधानसभेचं मतदान एकाच दिवशी, विधानसभेच्या प्रत्येक जागेवर काँग्रेसचा उमेदवार बैलजोडीचा प्रचार करतोय, आणि मतदाराने तिथे बैलजोडीवर शिक्का मारून लोकसभेला मात्र एका अपक्षाचं अनोळखी चिन्ह शोधायचं. त्या काळात हे किती कठीण होतं, हे ज्याने जुन्या मतपत्रिका पाहिल्यात त्याला सांगावं लागत नाही. दुसरं, चीनचा पराभव. तिसरं कारण हद्दीचं आहे आणि त्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही. १९५७ आणि १९६२ मध्ये मेनन यांच्या मतदारसंघात वांद्रे, खार, सांताक्रूझ होतं. ख्रिस्ती, गोवेकर, चित्रपटसृष्टीतला, इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारा असा त्यांचा हक्काचा मतदार तिकडे होता. नव्या रेषेने तो सगळा वायव्य मुंबईत गेला. तिथून काँग्रेसचे शांतिलाल शहा निवडून आले. मेनन अर्ध्याच जुन्या मतदारांपुढे उभे होते. एवढं सगळं विरोधात असूनही एक अपक्ष फक्त तेरा हजारांनी पडतो, यातून मला मेनन यांची उपनगरातली पकड किती खोल होती तेच दिसतं.

आणि माझा मुख्य मुद्दा यापुढचा आहे. १९७७ आणि १९८० मध्ये याच ईशान्य मुंबईने कोणाला निवडलं? जनता पक्षाच्या सुब्रमण्यम स्वामींना, तमिळ माणसाला, लागोपाठ दोनदा. शेजारच्या वायव्य मुंबईने त्याच दोन निवडणुकांत राम जेठमलानींना, सिंध्याला. परप्रांतीय म्हणून या मतदाराने मेनन यांना झिडकारलं असतं, तर दहा वर्षांनी त्याच रस्त्यांवर स्वामी निवडून आले नसते. १९६७ मध्ये ‘बाहेरचा’ हा शब्द या मतदारसंघात प्रथम मोठ्याने उच्चारला गेला हे खरं. पण उपनगरातला मतदार त्या-त्या वेळच्या देशपातळीवरच्या वाऱ्याकडे पाहून मत देत आला: १९५७ मध्ये काश्मीर, १९६२ मध्ये नेहरू, १९६७ मध्ये चीनची जखम, १९७७ मध्ये आणीबाणी. त्याच १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत खुद्द स. का. पाटलांना मंगळुरूहून आलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी पाडलं, ते परप्रांतीय असूनही. मेनन यांचा पत्ता कापणारे पाटील आणि मेनन एकाच निवडणुकीत हरले.

बर्व्यांना खासदारकी लाभली नाही. निकालानंतर काही दिवसांतच, मार्च १९६७ मध्ये, हृदयविकाराने ते गेले. पोटनिवडणुकीत काँग्रेसने त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांना उभं केलं. मेनन पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. मग त्यांनी मुंबई सोडली. १९६९ मध्ये बंगालमधल्या मिदनापूरच्या पोटनिवडणुकीत ते एक लाखाहून जास्त मताधिक्याने जिंकले आणि १९७१ मध्ये त्रिवेंद्रममधून. १९७४ मध्ये त्यांचं निधन झालं.

पुढचं भराभर सांगतो. १९७१ मध्ये इंदिरा लाटेत ईशान्येतून कामगार नेते राजा कुलकर्णी आणि वायव्येतून पुढे कायदामंत्री झालेले ह. रा. गोखले. १९७७ ला उपनगरांचे तीन मतदारसंघ झाले आणि ‘मुंबई उत्तर’ हे नाव तिसऱ्यांदा आलं, या वेळी गोरेगावच्या वरच्या, थेट वसईपर्यंत जाणाऱ्या पट्ट्याला. तिथल्या पहिल्या खासदार मृणाल गोरे. पाण्यासाठी हंडामोर्चे काढून उपनगरातल्या बायकांना रस्त्यावर आणणाऱ्या. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा त्या निकालानंतरची. मला विचाराल तर उपनगराने आपल्या स्वतःच्या प्रश्नावर, आपल्या स्वतःच्या माणसाला लोकसभेत पाठवल्याचं हे पहिलं उदाहरण. १९५२ पासून तोवर या मतदाराने चीन, काश्मीर, अलिप्ततावाद यांवर कौल दिला, पण नळाला पाणी येत नाही यावर लोकसभेची निवडणूक लढवता येते हे मृणालताईंनी दाखवलं. त्यानंतरचे उत्तर मुंबईचे राम नाईक, १९८९ पासून सलग पाचदा निवडून आलेले, हे त्याच वाटेने गेलेले: लोकलगाड्या, प्रवाशांचे हाल, वसई-विरारपर्यंतची रेल्वे.

१९७७ नंतर तीस वर्षं हद्दींना हात लागला नाही, कारण जागांची फेरवाटणी घटनादुरुस्तीने गोठवली होती. या काळात बेटावरचं शहर जवळजवळ होतं तिथेच राहिलं आणि उपनगरं अवाढव्य वाढली. मुंबईच्या विधानसभेच्या ३४ जागा शहर आणि उपनगर यांत १७-१७ अशा वाटलेल्या होत्या. २००८ च्या पुनर्रचनेनंतर शहराला १० आणि उपनगर जिल्ह्याला २६ मिळाल्या. आकडे बदलले की राजकारण कसं सरकतं, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

त्या पुनर्रचनेत मेनन यांच्या जुन्या मतदारसंघाचे पाच तुकडे झाले. दहिसर-बोरिवली आजच्या मुंबई उत्तरमध्ये. अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव वायव्येत, जिथे २०२४ मध्ये रवींद्र वायकर केवळ ४८ मतांनी निवडून आले. मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर ईशान्येत. वांद्रे, पार्ले, कलिना आणि कुर्ला उत्तर मध्य मुंबईत. आणि चेंबूर थेट दक्षिण मध्य मुंबईत, धारावी आणि माहीमबरोबर. ज्या चेंबूरच्या सिंधी वसाहतीत कृपलानींच्या नावाने जयजयकार झाला ते चेंबूर आज ‘दक्षिण’मध्ये मोडतं, आणि ज्या बोरिवलीला मेनन यांचं नावही माहीत नाही ती त्यांच्या मतदारसंघाचं नाव वागवते.

तुम्हाला स्वतःच्या घराचा मागोवा घ्यायचा असेल तर लोकसभेच्या नावापासून सुरुवात करू नका. निवडणूक आयोगाने प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल प्रसिद्ध केलाय, १९५१-५२ पासूनचे सगळे उपलब्ध आहेत. पण त्यात फक्त नावं आणि मतं मिळतात, हद्दी मिळत नाहीत. हद्दींसाठी पुनर्रचनेचे राजपत्रातले आदेश पाहावे लागतात: १९५१, १९५६, साठच्या दशकातला, सत्तरच्या दशकातला आणि २००८ चा. त्यात लोकसभा मतदारसंघ कोणत्या विधानसभा मतदारसंघांचा बनला ते दिलेलं असतं आणि विधानसभा मतदारसंघाची हद्द वॉर्ड, रस्ता, नाला, रेल्वेमार्ग अशी. आधी आपली गल्ली कोणत्या विधानसभेत ते शोधा, मग ती विधानसभा कोणत्या लोकसभेत ते पाहा, आणि हे प्रत्येक आदेशासाठी नव्याने करा. अलीकडच्या निवडणुकांसाठी ‘नमुना २०’ या अंतिम निकालपत्रकात केंद्रनिहाय मतं मिळतात, तिथे तर तुमच्या शाळेतल्या खोलीपर्यंत पोचता येतं.

भटवाडीसाठी उत्तर असं आहे: १९५७ आणि १९६२ मध्ये मुंबई शहर उत्तर, १९६७ पासून आजपर्यंत ईशान्य मुंबई. आजोबांनी मेनन यांना दोनदा आणि मग बर्व्यांना एकदा मत दिलं, ते एकाच घरातून, एकाही वेळी पत्ता न बदलता. १९६७ च्या पोटनिवडणुकीत त्यांनी ताराबाई सप्रेंना मत दिलं की पुन्हा मेननकडे वळले, हे मात्र घरात कोणाला आठवत असेल तर जरूर विचारा आणि लिहून ठेवा, कारण ते कुठल्याच अहवालात सापडणार नाही.